मला मुंग्या आल्या होत्या

आमच्या घरात विजेला कुणी वीज म्हणत नसे. आई तिला 'ती' म्हणायची. ती आली, ती गेली, तिच्यापाशी कामून गेलीस गं. नव्या माणसाला वाटायचं, घरात एखादी तापट नणंद राहायला आलेली दिसतेय. वडील, म्हणजे अण्णा, लाइनमन होते आणि परभणीत सबस्टेशनच्या मागच्या क्वार्टरमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर होतं. खिडकीतून ट्रान्सफॉर्मर दिसायचे आणि त्यांचा घूंऽऽ असा आवाज दिवसरात्र घरात भरलेला असायचा. आम्हाला तो ऐकू येत नसे. लाइन बंद झाली की मात्र कान एकदम रिकामे व्हायचे आणि आई हातातलं पीठ तसंच ठेवून दारात जाऊन उभी राहायची. लाइन बंद म्हणजे कुणीतरी खांबावर आहे आणि तो कुणीतरी अण्णा असू शकतात, एवढा साधा तिचा हिशोब. लांबून अण्णांच्या सायकलच्या चेनकव्हरची खडखड आली की ती आत येऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची. त्या भाकरीला हात जरा जास्तच जोरात पडायचे. इतक्या वर्षांच्या संसारात 'मला भीती वाटते' असं तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. ती फक्त दारात उभी राहायची.

अण्णांचा नामदेव नावाचा जोडीदार माझ्या लहानपणीच खांबावर शॉक लागून गेला. त्याला खाली उतरवताना अण्णा तिथं होते. त्यानंतर आम्हा मुलांना त्यांनी जे नियम घालून दिले, ते आमचे पाढेच झाले. घरात पायात रबरी चप्पल हवी. ओल्या हातानं बटण नाही. लोखंडी वस्तूचा संशय आला तर आधी उलटा हात लावायचा. "तळवा लावला तर मूठ बंद व्हती, मग सुटत न्हाई. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागं येतो." आणि शेवटचा नियम: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा. मेन सापडला नाही तर वायर ओढायची. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता, बेशुद्ध माणसाला श्वास कसा द्यायचा त्याच्या चित्रांचा. त्याचं ट्रेनिंग होण्याआधीच अण्णांनी तो वहीत उतरवून आणला आणि घरी उशीवर सराव केला. उशीचं नाक दाबून ते तिच्यात फुंकर घालायचे, आम्ही भावंडं हसून लोळायचो. आई हसत नसे. ती म्हणायची, "हसू नगा. शिका त्यापरीस." म्हणून मीही उशीवर शिकले. मी आज साठी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका आहे, पण फ्रिजचं दार उघडताना आधी उलटी बोटं लावते. सून सुरुवातीला विचारायची, आता विचारत नाही.

अशा घरातल्या मुलीनं विजेवर चालणारं वाद्य हातात घ्यावं, हे माझं मलाच खरं वाटत नाही. त्याला कारण रवीदादा. तो माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याचा थोरला भाऊ दुबईला कामाला होता, त्यानं एका सुट्टीत सिंथेसायझर आणला आणि सोबत कॅसेटांचा एक खोका. त्या विलायती गाण्यांत तबला नाही, पेटी नाही, सनई नाही. सगळं यंत्रांतून आलेलं, थंडगार, चकचकीत, ठोक्यात बसवलेलं. रवीदादा त्या आवाजानं वेडा झाला. खलील नावाचा त्याचा मित्र वरातीत ताशा वाजवायचा. त्यानं इलेक्ट्रिक ड्रमचे पॅड मिळवले, आणि एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून एक बेस गिटार आली. चार जाड तारा, लांबलचक दांडी, आणि वजन एवढं की पट्टा खांद्यात रुतायचा. ती कुणालाच नको होती, कारण तिच्यातून गाणं निघत नाही. ती गाण्याच्या खाली चालते, पायाखालच्या जमिनीसारखी. मी मावशीकडे गेले असताना सहज ती मांडीवर घेतली आणि टेपवरच्या गाण्यासोबत खालचा सूर शोधत बसले. थोड्या वेळानं रवीदादानं टेप बंद केला. माझं चालूच होतं. तो खलीलला म्हणाला, "ऐकलंस का? हिला कुणी शिकवलंय?" मला कुणीच शिकवलं नव्हतं. तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवून सगळ्यात जाड तार छेडली की आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या घूंऽऽशी तिचा सूर तंतोतंत जुळायचा. मी जन्मभर तोच सूर ऐकत आले होते.

घरी परवानगी मिळायला पावसाळा गेला. मुलगी स्टेजवर चढणार आणि तीही पोरांसोबत, यापेक्षा तिच्या गळ्यात करंटचं वाद्य असणार, याचीच अण्णांना जास्त धास्ती. त्यांनी गिटार आणि तिचा स्पीकर घरी आणायला लावला, पाठीमागचे स्क्रू काढून आतल्या वायरी बघितल्या, एक तुटकी वायर डाख देऊन जोडली आणि मग म्हणाले, "वाजव. पण रबरी तळ घालूनच. आन् जिथं जाशील तिथं आधी उलटा हात." मावशीच्या माडीवर आमचा सराव चालायचा. ती अधूनमधून परातभर सुशीला आणून ठेवायची, चुरमुऱ्यांवर शेंगदाणे आणि लिंबू पिळलेलं, आणि कानांवर हात ठेवून खाली पळायची. रवीदादा इंग्रजी शब्द ऐकून देवनागरीत वहीत उतरवायचा. जिथं कळत नसे तिथं नुसतेच आवाज लिहायचा. खलील म्हणायचा, "अबे, मतलब काय याचा?" रवीदादा म्हणायचा, "ऐकणाऱ्याला तरी कुठं म्हाईत हाय?" आमच्या बँडचं नाव 'निऑन'. परभणीत तेव्हा निऑनचा दिवा किती दुकानांवर होता, देव जाणे.

पहिले चार-पाच कार्यक्रम गावातच झाले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी रवीदादाला बाजूला घेऊन विचारायचं, पोरगी कशाला? पोरगा मिळाला नाही का? तो माझ्यादेखत सांगायचा, "माझी बहीण हाय. आमच्यापेक्षा पक्की हाय ठोक्याला." मला बरं वाटायचं, पण त्या बरं वाटण्याच्या तळाशी भीती असायची. आपण एकदा चुकलो की हे सगळं जाईल, ही भीती. पोरं चुकली तर सूर चुकला म्हणतील. मी चुकले तर मुलगी चुकली म्हणतील.

मग गंगाखेडला एका कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलावणं आलं. परगावचा आमचा पहिलाच कार्यक्रम. सकाळच्या एस.टी.नं सामानासह निघालो. आईनं फडक्यात धपाटे बांधून दिले होते. वाटभर उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रखडत होती. खलील टपावरच्या पॅडच्या काळजीनं दर थांब्याला खाली उतरून वर बघायचा. पोचलो तेव्हा मैदानात धुरळा उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारणं चाललं होतं. स्टेज लोखंडी पाइपांचं, वर फळ्या, फळ्यांवर सतरंज्या, आणि कडेच्या सतरंज्या पाण्यानं ओल्या झालेल्या. आमचे स्पीकर आणि सिंथेसायझर एका बोर्डावर जोडले होते; माइकची यंत्रणा तिथल्याच साउंडवाल्याची, तिची वायर दुसरीकडून आलेली. मी हे सगळं बघितलं. लाइनमनच्या मुलीला हे बघावं लागत नाही, दिसतंच.

तारा सुरात लावायला मी गिटार गळ्यात घेतली. पायात रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट होते. डावा हात तारांवर आणि उजवं कोपर सहज स्टेजच्या पाइपाला टेकलं. मुंग्या आल्या. जोराच्या नव्हेत. झोपलेल्या पायाला येतात तशा, पण कोपरापासून मनगटापर्यंत सरकत गेलेल्या. मी कोपर उचललं. मुंग्या गेल्या. मग अण्णांनी शिकवलं होतं तसं उजव्या हाताची उलटी बोटं पाइपाला लावली. पुन्हा आल्या.

काय करायचं ते मला माहीत होतं. गिटार खाली ठेवायची, साउंडवाल्याला सांगायचं, बोर्डाची तिसरी वायर, म्हणजे अर्थिंगची, जोडली आहे का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. मी त्याच्याकडे वळलेही. तो तोंडात वायर धरून गाठ सोडवत होता. "काय झालं बाई?" त्याच्यामागं कॉलेजची तीन-चार पोरं छातीला बिल्ले लावून उभी होती. त्यातला एक म्हणाला, "घाबरली जणू. गर्दी बघून." बाकीचे हसले. रवीदादानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती: आज नको, सुमे. तो सकाळपासून दोनदा तिथल्या सरांशी माझ्यावरून बोलून आला होता.

मी म्हणाले, "काही न्हाई."

एवढेच दोन शब्द. ते मी किती वेळा पुन्हा म्हणून बघितले असतील याची गणती नाही. मी मनाशी म्हटलं, मुंग्याच तर आहेत. बूट घातलेत. पाइपाला कोपर लागू देणार नाही. मी माझ्यापुरता विचार केला आणि तो पुरेसा आहे असं मला वाटलं.

अकराच्या सुमाराला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलं होतं, पोरं झाडांवर चढली होती. रवीदादानं स्टेजला हात लावून कपाळाला लावला आणि चपला खाली काढल्या. स्टेजवर चप्पल घालायची नाही, ही त्याची रीत. मी ते बघितलं. आता सांगावं, असं पुन्हा वाटलं. तेवढ्यात खलीलनं चार मोजले.

दोन गाणी झाली. तिसऱ्या गाण्यापर्यंत रवीदादाचा सदरा घामानं चिकटला होता. माइक जरा लांब सरकला होता. त्यानं डावा हात सिंथेसायझरच्या लोखंडी कडेवर टेकवला आणि उजव्या हातानं माइकचा दांडा आपल्याकडे ओढला.

गाणं थांबलं. सिंथेसायझर थांबला नाही. त्याचं डावं कोपर पट्ट्यांवर दाबलं गेलं होतं, आणि दोन-तीन सूर एकदमच, न तुटता, लांबच लांब वाजत राहिले. रवीदादाची मान मागं गेली होती, तोंड उघडं होतं, सगळं अंग बारीक थरथरत होतं. लोकांना वाटलं ही त्याची अदा आहे. विलायती गाण्याची स्टाइल. शिट्ट्या सुरू झाल्या. टाळ्या वाजल्या. आणि माझी बोटं, मी हे लपवणार नाही, माझी बोटं चालूच होती. काय झालंय ते मला पहिल्या क्षणाला कळलं होतं, तरी बोटं ठोक्यावर चालत होती. एक, दोन, तीन, चार. मी सबंध चार ठोके वाजवले. अंगाचा दगड झाला होता आणि त्या दगडात फक्त बोटं जिवंत होती.

खलीलला माझ्यानंतर कळलं, पण तो माझ्याआधी हलला. "अरे, हुआ क्या इसको?" म्हणत त्यानं पॅड ढकलले आणि रवीदादाला मिठी मारायला हात पसरले. तेव्हा मी किंचाळले. "हात लावू नको! खलील, हात लावू नको त्याला!" अण्णांचाच आवाज माझ्या घशातून निघाला असावा. खलील जागच्या जागी थांबला. मेन कुठं होता ते मला माहीत नव्हतं. मी गळ्यातली गिटार टाकली, मागं धावले, सतरंजीखालून जाणारी आमच्या बोर्डाची काळी वायर दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग मागं टाकून ओढली. बोर्डासकट प्लग निघून आला. आवाज तुटला आणि रवीदादा कापलेल्या झाडासारखा आडवा झाला.

टाळ्या थांबायलाही वेळ लागला. मी त्याच्याजवळ बसले. छाती हलत नव्हती. तळहात काळा पडला होता आणि केस जळाल्यासारखा वास येत होता. मला तक्त्यावरची चित्रं आठवली, एकाखाली एक. मान मागं, नाक दाबायचं, तोंडावर तोंड. भर मैदानात, शेकडो लोकांसमोर, एकोणीस वर्षांच्या मुलीनं. मागं बायांमध्ये 'अगं बाई' असा एक सूर उठलेला मला ऐकू आला. मी फुंकर घातली. छाती वर आली आणि खाली बसली. पुन्हा घातली. खलील त्याच्या पायाशी बसून दुआ पुटपुटत होता. कितव्या फुंकरीला ते सांगता येत नाही, पण रवीदादाच्या घशातून घरघर आली, तो खोकला आणि त्यानं माझ्याकडे, ओळख नसल्यासारखं, बघितलं.

जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत परभणीहून मावशी आणि अण्णा आले. तो वाचला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र कायमची वाकडी राहिली.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. सगळे माझं कौतुक करत होते. कॉलेजच्या सरांनी अण्णांसमोर हात जोडले. मावशीनं घरी आल्यावर मला पाटावर बसवलं, मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, ओटी भरली आणि माझ्या पायांना हात लावायला वाकली. मी पाय ओढून घेतले. "माज्या लेकराला तू परत जन्म दिलास, माय." मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, हिला माहीत होतं. दार वाजलं की वाटायचं, तो साउंडवाला आला असेल आणि सांगेल, ही माझ्याकडे वळली होती, काहीतरी सांगणार होती. जेवण जाईना. शेजारच्या बाया मुलींना घेऊन यायच्या, ही बघा सुमन, आणि मी हसायची. लोक रागावतील याची भीती मला आयुष्यात नंतरही वाटली, पण लोक पाया पडतील याची भीती फक्त त्या दिवसांत वाटली.

आठवड्याभरानं, सकाळी, अण्णा ड्यूटीवर निघताना मी त्यांना सांगितलं. ते ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"अण्णा, मला आदीच मुंग्या आल्या व्हत्या. उलटा हात लावून बघितला व्हता. मी बोलले न्हाई."

त्यांचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं नाही. नाडी सोडली, पुन्हा बांधली. आत आईचं भाकरी थापणं थांबलं होतं. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय व्हणार हाय?" ते शेवटी म्हणाले. "ज्याचा हात जळाला, त्याला सांग जा."

त्याच दुपारी मी मावशीकडे गेले. रवीदादा माडीवर खाटेवर बसला होता, हाताला पट्टी, समोर झाकलेला सिंथेसायझर. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोपर, पाइप, पोरांचं हसणं, 'काही न्हाई'. त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी मला काढलं असतं."

"काढलं असतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. तिथंच म्हणलो असतो, न्हाई जमत हिला." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आता जा तू, सुमे."

मी गेले. चार-पाच महिने तो माझ्याशी बोलला नाही. मावशीला त्यानं सांगितलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. ती गेली तेव्हाही मला 'माय'च म्हणत होती. गिटार आमच्या घरी कोपऱ्यात उभी होती आणि मी तिच्याकडे पाठ करून अभ्यास करायची. आता माणसं विचारतात, तेव्हा तुम्हाला विजेची भीती बसली असेल. विजेची नव्हे. विजेची तर आधीपासूनच होती. मला माझी भीती बसली होती. हसणं टाळण्यासाठी मी काय काय गप्प बसून होऊ देऊ शकते, ते मी बघितलं होतं.

भर उन्हाळ्यात खलील घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "सेलूला प्रोग्राम हाय. रवी डाव्या हातानं वाजवायलाय आता, उजव्याची तीन बोटं लावतो. बेस पायजे म्हणतो."

"तो म्हणतो का तू म्हणतोस?"

"तोच. पण तुला बोलवायला मलाच धाडलं."

आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. मीच 'येते' म्हणाले.

सेलूला रेल्वेनं गेलो. डब्यात रवीदादा माझ्यासमोर बसला होता. बोलला एवढंच, "पाणी आणलंस का?" मी बाटली दिली. कापूस बाजाराच्या आवारात एक मोठं शेड होतं, तिथं चार वाजता कार्यक्रम. लोक येऊन बसायला लागले होते. बोर्ड लावलेला होता, वायरी टाकलेल्या होत्या. मी गिटार पेटीतून काढलीच नाही. मी शेडच्या खांबाला धरलं, आणि धरताना आधी उलटा हात लावला. मग तिथल्या माणसाला म्हणाले, "अर्थिंग दाखवा."

"काय?"

"बोर्डाची तिसरी वायर कुठं जोडली ते दाखवा. बघितल्याबगर मी वाजवणार न्हाई."

तो माणूस हसला. त्याच्यासोबतचेही हसले. "आवो ताई, लोकं बसलेत. काही व्हत नसतं. लय घाबरता तुमी."

"हो," मी म्हणाले. "लय घाबरते. वायर दाखवा."

त्यानं माझ्याशी बोलणं सोडून रवीदादाकडे मोर्चा वळवला. "काय हो, हिला सांगा की जरा." रवीदादानं माझ्याकडे बघितलं नाही. तो सिंथेसायझर बाहेर काढत होता, तो त्यानं परत खोक्यात ठेवला, आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला. खलील त्याच्या शेजारी जाऊन बसला. शेडमधले लोक ओरडायला लागले.

तिसरी वायर कापलेलीच निघाली. वायरमन शोधायला माणूस गेला. शेडमागं खड्डा खणून, लोखंडी सळई ठोकून, मीठ-कोळसा टाकून, पाणी ओतून नवी जोडणी होईपर्यंत दीड तास गेला. तेवढ्या वेळात अर्धे लोक उठून गेले होते. मग मी गिटार गळ्यात घेतली, उलट्या बोटांनी पाइप बघितला, माइक बघितला, सिंथेसायझरची कड बघितली, आणि रवीदादाला मान हलवून सांगितलं. त्यानं चपला काढायला पाय उचलला होता. तो तसाच खाली टेकवला.

खलीलनं चार मोजले. माझा पहिला सूर साफ चुकला, आणि मी पुढचा वाजवला.